गाण्याखाली झाकलेला दोष : वाशीमच्या लग्नाच्या कॅसेटी आणि आपलं मिक्सिंग



आजच्या व्याख्यानाला आम्ही समीक्षा म्हटलंय, म्हणून दोघा-तिघांनी आधीच विचारलं, समीक्षा कशाची? कवितेची असते, नाटकाची असते, सिनेमाची असते. लग्नाच्या कॅसेटची कुठं समीक्षा असते का? आमचं म्हणणं असं की असायला पाहिजे. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा आणि मालेगाव या आपल्या सहा तालुक्यांत घरोघरी कपाटात जपून ठेवलेलं चित्र कोणतं, तर लग्नाची कॅसेट. ती पाहिली गेली, रडत पाहिली गेली, पाहुण्यांना दाखवली गेली. पण ती कशी केली आहे, तिच्यात काय राहिलं आणि काय गेलं, हे कुणी बोललं नाही.

मालेगाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना नाशिकचं मालेगाव आठवतं. साहजिक आहे. तिथल्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. पुढे २००८ मध्ये फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि लहान गावातल्या व्हिडिओच्या कामाकडे लोक आदरानं बघायला लागले. आपल्या वाशीमकडच्या मालेगावातल्या शूटिंगवाल्याच्या वाट्याला तो आदर आला नाही, आणि टीकाही आली नाही. दोन्ही देण्याचा आज प्रयत्न आहे.

अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. डीव्ही ही डिजिटल कॅसेट जगात आली १९९५ च्या सुमारास. म्हणजे जिल्हा नवा आणि तंत्रही नवं, असे ते दिवस. व्हीएचएसचा खांद्यावरचा मोठा कॅमेरा मागं पडत गेला, तळहातावर मावणारी मिनीडीव्ही कॅसेट आली, आणि दोन व्हीसीआर जोडून होणारं मिक्सिंग संगणकावर आलं. 'एडिटिंग' हा शब्द आपल्याकडे पत्रिकेवर आणि दुकानाच्या पाटीवर असायचा. बोलताना सगळे 'मिक्सिंग'च म्हणायचे. आम्हीही आज तोच शब्द वापरू.

आमचा मुद्दा एका वाक्यात सांगतो. त्या काळात कामात जे दोष आले ते आपण शोधले नाहीत, झाकले. झाकता झाकता ते झाकणंच लग्नाच्या व्हिडिओची पद्धत बनलं. आणि त्या झाकणाखाली जे गेलं ते यंत्राचं नव्हतं, माणसांचं होतं.

आता हे पटवायचं तर आधी दोष कुठून यायचे ते बघू.

पहिली गोष्ट, दोष कॅसेटवर आहे की संगणकात, हे ठरवणं. यासाठी काही विकत आणावं लागत नाही. मूळ कॅसेट कॅमेऱ्यात घाला, कॅमेरा सरळ टीव्हीला जोडा, आणि तीच जागा चालवून बघा. तिथंही बिघाड दिसला तर दोष कॅसेटचा किंवा हेडचा. दिसला नाही तर दोष नंतरचा, म्हणजे केबल, संगणक किंवा सेटिंगचा. पाच मिनिटांचं काम आहे. पण खरं सांगा, किती जणांनी केलं? चित्र फुटलं की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "कार्ड खराब आहे." मग कार्ड घेऊन अकोल्याची गाडी धरायची.

हेडचा दोष कसा ओळखायचा, तेही कॅसेट स्वतःच सांगते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत डीव्हीची एक फ्रेम कॅसेटवर बारा तिरप्या रेघांत लिहिली जाते, आणि पडद्यावर प्रत्येक रेघेचा एक आडवा पट्टा होतो. फिरत्या ड्रमवर हेड दोन. एक हेड एक रेघ वाचतं, दुसरं पुढची. त्यामुळे एका हेडवर धूळ बसली की चित्र सगळं जात नाही, एकाआड एक पट्टा जातो. असे समान पट्टे दिसले की समजायचं, हेड साफ करायचंय. क्लीनिंग कॅसेट पाच-दहा सेकंद चालवायची, जास्त नाही, कारण ती घासते. आणि चौकोनी तुकडे एखाद्याच जागी, नेहमी त्याच जागी येत असतील, तर तिथं फितीवर ओरखडा किंवा खाच आहे. मे महिन्यात खळ्यावरच्या मांडवात, धुरळ्यात, चाळीस अंशांच्या वर कॅमेरा चालवल्यावर हे होणारच. त्यात कुणाची चूक नाही. चूक पुढे झाली. अशा जागी आपण काय केलं? बदामाच्या आकाराच्या चौकटीत नवरा-नवरीचा फोटो आणून फिरवला.

दुसरा दोष संगणकात चित्र घेण्याचा. डीव्हीचं गणित सोपं आहे. सेकंदाला सुमारे ३.६ एमबी, तासाला सुमारे १३ जीबी. आता जुन्या हार्ड डिस्कची मांडणी फॅट ३२ असेल तर तिच्यावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. भागाकार करा. एकोणीस-वीस मिनिटं होतात. म्हणजे कॅप्चर दर वेळी एकोणीस-वीस मिनिटांनीच थांबत असेल, तर कॅसेट, केबल, कार्ड सगळं ठीक आहे. फक्त डिस्कची मांडणी एनटीएफएस करायची. पण आम्ही स्वतः अशी कॅसेट बदलून, केबल बदलून, शेवटी विंडोज नव्यानं टाकून बघितलेली आहे. एका वेळी तीन गोष्टी बदलायच्या आणि चालू झालं तर कशामुळे झालं ते कळायचं नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही करायच्या. असं करत करत उपायाचा विधी होतो. उदबत्ती लावायचंच काय ते बाकी राहतं.

फ्रेम सुटण्याचंही तसंच. विंडोज एक्सपीमध्ये डिस्कवर वारंवार चुका आल्या की ती डिस्क आपोआप डीएमए सोडून संथ पीआयओ पद्धतीवर जायची. कुणाला काही सांगायची नाही. कालपर्यंत नीट चालणारा संगणक आज फ्रेम सोडायला लागला, की बघायची जागा ही. त्याआधी साध्या गोष्टी होत्याच. कॅप्चरची डिस्क विंडोजच्या डिस्कपेक्षा वेगळी ठेवायची, अँटिव्हायरस आणि स्क्रीनसेव्हर बंद करायचे. आणि लोडशेडिंग. २००५ नंतरच्या काही वर्षांत गावात वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, त्यामुळे रात्री दोनला कॅप्चर सुरू करणारे लोक आम्ही पाहिलेत. अर्ध्यावर वीज गेली की फाइल उघडत नसे. त्या कष्टाला आमचा नमस्कार आहे. आजची टीका त्या कष्टावर नाही.

तिसरा दोष सेटिंगचा. सॉफ्टवेअर उघडलं की पहिली सेटिंग बऱ्याचदा अमेरिकेची असायची, एनटीएससी, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपली पाल, सेकंदाला २५ फ्रेम, ७२० बाय ५७६. चुकीच्या सेटिंगवर दोन रात्री काम केल्यावर ते लक्षात यायचं, आणि जुन्या प्रीमिअरमध्ये तयार प्रोजेक्टची ती सेटिंग बदलता येत नसे. याच्याही पुढचा सूक्ष्म प्रकार म्हणजे फील्डचा क्रम. पालच्या एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं. डीव्हीडीसाठी एमपीईजी करताना वरचं आधी असं निवडलं गेलं, की हलणारी प्रत्येक वस्तू एक पाऊल पुढं, अर्धं पाऊल मागं अशी थरथरते. नवरदेव मंचावर बसलेला असतो तेव्हा सगळं ठीक. वरात निघाली की बँडवाल्यांपासून घोड्यापर्यंत सगळे थरथरायला लागतात.

गंमत अशी की संगणकाच्या पडद्यावर हा दोष नीट दिसतच नाही. तो दिसतो घरच्या टीव्हीवर. म्हणजे मिक्सिंगवाला म्हणतो, माझ्याकडे बरोबर दिसतं, आणि ग्राहक म्हणतो, आमच्याकडे हलतं. दोघंही खरं बोलत असतात. कोपऱ्यात एक जुना टीव्ही जोडून ठेवला असता तर हा वाद झालाच नसता. आम्ही तर म्हणतो, समीक्षेचा पहिला धडा हाच. कलाकृती जिथं पाहिली जाणार तिथं बसून ती पाहायची.

आता मुख्य दोषाकडे येतो. आवाज.

तुम्ही लग्नाची सीडी आठवून बघा. सुरुवातीला भटजींचे ओठ आणि मंगलाष्टकं बरोबर जुळतात. अर्ध्या तासानं अक्षता आधी पडतात, 'सावधान' नंतर ऐकू येतं. हे का होतं? दोन प्रकारचं घसरणं असतं, आणि ते वेगळं ओळखता आलं पाहिजे.

एक, हळूहळू घसरणं. याचं कारण घड्याळ. साध्या डीव्ही कॅमेऱ्यात आवाजाचं घड्याळ चित्राच्या घड्याळाला घट्ट बांधलेलं नसतं. समजा सेकंदाला ४८,००० नमुने ठरलेत आणि कॅमेऱ्यानं प्रत्यक्षात ४८,००९ घेतले. फरक किती किरकोळ! पण तासाभरात तो ०.६८ सेकंदाच्या आसपास जातो, म्हणजे सतरा फ्रेम. सतरा फ्रेमनं ओठ चुकले की पाहणाऱ्याला लगेच कळतं. व्हीएचएसवरून घेताना तर हे जास्तच व्हायचं, कारण चित्र एका कार्डातून आणि आवाज साउंड कार्डातून, दोघांची घड्याळं वेगळी. उपाय काय? शेवटच्या टोकाला एखादी टाळी किंवा ताशाचा ठोका शोधायचा, चित्र आणि आवाजातला फरक मोजायचा आणि आवाजाची गती तेवढी बदलायची. वरच्या उदाहरणात १०० च्या जागी १००.०२ टक्के. कानाला काही फरक कळत नाही.

दोन, एकदम उडी मारून चुकणं. इथपर्यंत बरोबर, इथून पुढे सारखाच चुकलेला. म्हणजे त्या जागी फ्रेम सुटल्या आहेत किंवा कॅसेटवरचा टाइमकोड तुटला आहे. शूटिंग करताना मधेच कॅसेट मागं नेऊन बघितली, थोडी मोकळी जागा राहिली, की टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू. किंवा अर्धी कॅसेट १२ बिट ३२ किलोहर्ट्झवर आणि अर्धी १६ बिट ४८ किलोहर्ट्झवर. दुसऱ्या शूटिंगवाल्याचा कॅमेरा मधेच आला की हे हमखास. उपाय असा की त्या जागी क्लिप तोडायची, दोन वेगळ्या फाइली म्हणून घ्यायच्या आणि प्रत्येकीचा आवाज स्वतंत्र बसवायचा.

म्हणजे मोजायला दहा मिनिटं, दुरुस्तीला दहा मिनिटं. पण आपण काय केलं? मूळ आवाज काढून टाकला आणि वर गाणं टाकलं.

मंडळी, हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. आम्हीही केलंय. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरच्या लग्नाचं मिक्सिंग होतं. पाठवणीच्या वेळी नवरी ढावलो म्हणत होती. बंजारा समाजातला ढावलो तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, नवरी आपल्या माणसांना धरून रडत रडत गाते, आपलं दुःख स्वतःच्या शब्दांत रचत जाते. त्या भागात आवाज मागं पडत होता. सीडी दोन दिवसांत द्यायची होती. आम्ही आवाज शून्यावर नेला आणि त्या वेळचं एक बिदाईचं सिनेमागीत लावलं. घरच्यांना ते आवडलंही. कुणी तक्रार केली नाही. काही वर्षांनी त्या घरातली मुलगी विचारायला आली, आईचा ढावलो आहे का हो तुमच्याकडे? आई गेली होती. मूळ कॅसेटवर आम्ही त्याच हंगामात दुसरं लग्न भरलं होतं.

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. आजचं व्याख्यान त्या प्रश्नातून निघालंय.

आता समीक्षेची गोष्ट. लग्नाच्या व्हिडिओवर नेहमीची टीका काय असते? इफेक्ट फार, गाणी फार, फुलं उडतात, बदाम फिरतात. सुशिक्षित माणूस त्याला हसतो आणि म्हणतो, गावठी आवड. आम्हाला ही टीका चुकीची वाटते. ती आवडीला दोष देते आणि कारण बघत नाही. बदाम का आला? खाली चौकोनी तुकडे होते म्हणून. गाणं का आलं? आवाज जुळत नव्हता म्हणून. एकदा आलं, ग्राहकानं वाहवा केली, मग जिथं दोष नव्हता तिथंही आलं. पुढे ग्राहकच म्हणायला लागला, "भाऊ, गाणी चांगली टाका." ठिगळ होतं ते नक्षी झालं. नक्षी म्हणून त्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप असा की ठिगळाखाली जे फाटलं होतं ते कुणी शिवलं नाही.

आणि फाटलेलं काय होतं बघा. हळदीची गाणी. रुखवताच्या वेळची उखाण्यांची चढाओढ. विहिणींचे चिमटे. मांडवात माईकवर कोण आलं, कोण नाही आलं, याची जाहीर नावं घेणारा मामा. वऱ्हाडी बोलीतला तो सगळा आवाज. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, त्याला लोकांनी योग्य मान दिला. आपल्या शूटिंगवाल्याला तर गोळा करायला कुठं जावंही लागलं नव्हतं. त्याच्या कॅमेऱ्याच्या माईकमध्ये बायकांचा आवाज आपोआप येत होता, हंगामात रोज येत होता. त्यानं तो मिळवला आणि आपण मिक्सिंगच्या टेबलावर पुसला.

इथं कॅसेटवर परत उतरवण्याचा प्रश्न येतो. तयार झालेलं काम फायरवायरनं पुन्हा डीव्ही कॅसेटवर उतरवता येत होतं. फार थोड्यांनी केलं, कारण तिथंही अडचणी यायच्या आणि आपण त्या सोडून दिल्या. कॅमेरा रेकॉर्डला जातच नाही? आधी कॅसेटच्या पाठीवरची छोटी खिट्टी 'सेव्ह'वर आहे का बघा. मग कॅमेरा प्ले किंवा व्हीसीआर मोडवर आहे का बघा. तेही बरोबर असेल तर कॅमेरा कुठल्या देशाचा आहे ते बघा. युरोपात विकलेल्या काही कॅमेऱ्यांत जकातीच्या नियमामुळे आत घेण्याची सोयच बंद ठेवलेली असायची. परदेशातल्या नातेवाइकानं आणलेला कॅमेरा असेल तर कितीही केबली बदला, होणार नाही. उतरवताना चित्र अडखळतं? टाइमलाइनवर लाल रेघ राहिली असेल, आधी रेंडर पूर्ण करा. सुरुवातीची फ्रेम कापली जाते? पुढं दहा सेकंद काळं ठेवा. आणि शक्यतो कोऱ्या कॅसेटवर आधी सलग काळं भरून घ्या, म्हणजे टाइमकोड तुटत नाही.

हे इतकं का करायचं? कारण व्हीसीडीमध्ये चित्राला सेकंदाला सव्वा एक मेगाबिटसुद्धा मिळत नाही, आणि डीव्हीत पंचवीस मिळतात. वीसपटीचा फरक. शिवाय घरी लिहिलेली सीडी काही वर्षांत वाचता येईनाशी झालेली तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. आपण ग्राहकाला वीसवा हिस्सा दिला आणि मूळ कॅसेट पुन्हा वापरली.

आता कुणी म्हणेल, आणि ते बरोबरच म्हणेल, की एका हंगामात पन्नास लग्नं, कॅसेट महाग, ग्राहक पैसे द्यायला घासाघीस करतो, दोन दिवसांत सीडी मागतो. अशात कोण बसून सतरा फ्रेम मोजणार? आम्हाला हे मान्य आहे. एकट्या मिक्सिंगवाल्यावर हा भार टाकणं अन्याय होईल. पण एक गोष्ट मान्य नाही. वेळ नव्हता म्हणून आपण शोधलं नाही, असं आपण सांगतो. प्रत्यक्षात कार्ड घेऊन अकोल्याला जायला आख्खा दिवस होता, विंडोज नव्यानं टाकायला रात्र होती. नव्हती ती सवय, की आधी बघावं, मोजावं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय झालं ते वहीत लिहून ठेवावं. ही सवय बिनपैशाची होती. आणि ग्राहकालाही सांगायला पाहिजे होतं की मूळ कॅसेट मागून घ्या, तिचे पैसे वेगळे द्या. ते आपण सांगितलं नाही, कारण त्यानं मागितली असती.

मग आता काय? ज्यांच्या घरात किंवा जुन्या दुकानाच्या माळ्यावर मिनीडीव्ही कॅसेटी पडल्यात, त्यांनी एवढं करा. खिट्टी आधी 'सेव्ह'वर सरकवा, म्हणजे चुकून काही भरलं जाणार नाही. पावसाळी दमट हवेत एकदम चालवू नका. आधी कोरड्या जागी ठेवा, एकदा पूर्ण पुढं आणि मागं फिरवून घ्या. ज्या कॅमेऱ्यानं शूटिंग केलं तोच मिळाला तर उत्तम, विशेषतः एलपी मोडवर भरलं असेल तर, कारण ती अरुंद रेघ दुसऱ्या कॅमेऱ्याला नीट वाचता येईलच असं नाही. नव्या संगणकाला फायरवायरचं तोंड नसतं, म्हणून एखादा जुना संगणक मोडीत न काढता सांभाळून ठेवा. केबल लावताना दोन्ही यंत्रं बंद ठेवा, उलटी घुसली तर कॅमेऱ्याचं तोंड जळतं. आणि घेताना डीव्ही जशीच्या तशी घ्या. तासाला १३ जीबी आज काही जास्त नाही, खिशातल्या पेन ड्राइव्हवर मावतात.

आणि ज्यांच्याकडे नुसती सीडी आहे, त्यांनी गाणं संपल्यावरचे दोन-चार सेकंद कान देऊन ऐका. पुष्कळदा गाणं आणि पुढचा प्रसंग यांच्यामध्ये आम्ही मूळ आवाजाचा तुकडा चुकून सोडलेला असतो. कुणाची तरी हाक, कुणाचं हसणं, अर्धी ओळ. तेव्हा आम्हाला ती चूक वाटायची.

प्रश्न असतील तर घेऊ. कुणाकडे कॅसेटी असतील त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं, आमच्याकडे चालू कॅमेरा आहे.